सारवलेली भिंत

साखराबाईच्या घरात त्या महिन्यात चुलीच्या आधी शेगडी पेटायची. गोवरीचा विस्तव, त्यावर शेपा, ओवा आणि कडुलिंबाचा सुका पाला. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत शेगडी सरकवायची आणि दार ओढून घ्यायचं. आत तिची सून प्रभावती, सुनेचं तेरा दिवसांचं बाळ आणि चार वर्षांची पुष्पी अशी तिघं खोकत बसायची. मग धूर विरायचा, डोळ्यांचं पाणी थांबायचं, आणि डास पुन्हा भिंतीवर येऊन बसायचे.

खोलीला खिडकी नव्हती. एक झरोका होता, तोही बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून चिंध्यांनी बुजवलेला. दिवस उजाडला हे आतल्या माणसाला कोंबड्यावरून कळायचं, आणि दिवस मावळला हे डासांवरून.

लेंडीवाडी वडीगोद्रीपासून दीड कोसावर. बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. लोकांनी पोटासाठी माती उपसली, काम अर्ध्यात थांबलं आणि खड्डे तसेच राहिले. पंचाहत्तर साली पाऊस चांगला झाला. बाजरी कंबरेला लागली आणि खड्डेही काठोकाठ भरले. भादव्यातल्या संध्याकाळी त्या पाण्यावरून डास असे उठायचे, की रानातून घरी येणारा माणूस तोंडावर पदर किंवा धोतराचा सोगा धरूनच यायचा.

दिवेलागणीला प्रभावतीची खरी परीक्षा असे. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ती बाळाच्या अंगावर घालायची. आत ऊब कोंडली, की बाळ घामाघूम होऊन रडायचं. तुकडा काढला, की पाच मिनिटांत त्याच्या मुठीवर, कानाच्या पाळीवर लाल टिपके उठायचे. एका हाताने सूप हलवत, दुसऱ्या हाताने बाळाला पाजत ती बसून राही. आदल्या दिवशी डास पापणीवर चावला होता. एक डोळा सुजून मिटलेला आणि दुसऱ्या डोळ्याने ते एवढंसं बाळ आईकडे बघत होतं. चिमटीएवढा जीव, आणि त्याचं रक्त प्यायलाही कुणीतरी टपलेलं.

पुष्पीची तऱ्हा वेगळी. ती डासांशी भांडायची. "आई, यानं मला चावलं. मी त्याला चावू का?" असं विचारून ती भिंतीशी तोंड नेई आणि स्वतःच हसत सुटे.

त्या दिवशी दुपारी गावात दवंडी झाली. उद्या डीडीटी मारायला माणसं येणार, सामान बाहेर काढा, भांडी झाका. प्रभावतीने ती दाराआडून ऐकली आणि तिचा जीव हरखला. तिचं माहेर वडीगोद्रीचं. तिथे दोन वर्षं फवारणी होत होती. फवारलेल्या घरात डास भिंतीवर बसला की मरतो, आणि भावाच्या घरी ताप येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच क्षणी तिने बोटांवर दिवस मोजले. फवारणी दोन दिवस उशिरा येत होती.

हे दोन दिवसांचं कोडं बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बाळाची नाळ कापली ती खालच्या वस्तीतल्या कौसल्येने. लेंडीवाडीतली निम्मी लेकरं तिच्याच हातांवर या जगात आली. वस्तीतली सगळी घरं छप्पन्न सालानंतर बौद्ध झाली, मेलेली जनावरं ओढायचं त्यांनी सोडलं, पण अडलेल्या बाईची हाक आली की कौसल्या उठून जायची. ते तिला सोडवलं नाही. बाळंतपणाच्या घराला सोयर असतं, घरच विटाळलेलं असतं, म्हणून तेवढे दिवस कौसल्येचा पाय माजघरात चालतो. ती बाळंतिणीचं अंग चोळते, पोट बांधते, बाळाला पहिला मध चाटवते. बाराव्या दिवशी घर धुऊन गोमूत्र शिंपडलं, की त्याच कौसल्येला ओसरीखाली उभं राहावं लागतं. आणि फवारणीच्या टोळीत पंप चालवणारा होता कौसल्येचाच मुलगा, रामकिसन.

सोयर असतं तर तो आत आला असता. घर शुद्ध झालं होतं, म्हणून आता डास राहणार होते.

टोळी सकाळी नऊला आली. अंबडहून आलेला एक मुकादम, चार माणसं, दोन पंप, बादल्या. साखराबाई उंबऱ्यात दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. बाई कामाची, तोंडाची तिखट, पण नातवाला न्हाऊ घालताना तिचे हात लोण्याचे व्हायचे. तिच्या लहानपणी हे घराणं मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारं. मोठ्या लोकांच्या ओसरीवर तिच्या आईला जमिनीवर बसून, वेगळ्या कपातून चहा प्यावा लागे. आता शेत होतं, पाच खोल्यांचं घर होतं, नवऱ्याला, आबारावांना, लोक पंचात बोलावत. ही चढलेली एक पायरी साखराबाई जिवापाड जपायची, आणि ती जपण्याची तिला ठाऊक असलेली एकच रीत होती, खालच्या पायरीवरच्याला वर येऊ द्यायचं नाही.

"गोठ्यात मारा, ओसरीत मारा," ती म्हणाली. "त्याच्या आत काही काम न्हाई."

"काकू, मच्छर रक्त पेलं की भिताडावर जाऊन बसतंय," रामकिसन म्हणाला. नाकातोंडावर बांधलेलं फडकं त्याने खाली ओढलं. "माणसं निजतात तिथं औषध पायजे. गोठ्यात मारून काय व्हणार?"

"तुला लई माहिती मच्छराची. तुह्याच वस्तीतून येऊन राह्यले का ते?"

टोळीतला एक जण हसला. रामकिसनने मान खाली घातली, मग पुन्हा वर केली. "माह्या मायनं याच खोलीत बाळंतपण केलं, काकू. पंधरा दिस न्हाई झाले."

"तवा सोयर व्हतं. आता घर पाक झालं. तुह्या मायला म्या लुगडं दिलं, शेरभर साखर दिली. काही बाकी ठिवलं का?"

मुकादमाला घाई होती. अजून चाळीस घरं राहिली होती. तो म्हणाला, जल्दी ठरवा, नाहीतर आम्ही ओसरी मारून पुढे जातो. वहीत त्याला घर झालं असं लिहायचं होतं. कुठे झालं, किती झालं, हा त्याच्या वहीचा प्रश्न नव्हता.

तेवढ्यात माजघरामागून आवाज आला. "आत्याबाई, मारू द्या. लेकराची पापणी सुजलीय."

बाळंतिणीचा आवाज चार परक्या पुरुषांसमोर ओसरीपर्यंत यायचा नसतो. साखराबाईच्या कपाळावरची शीर उठली. प्रभावतीचा नवरा त्रिंबक ओसरीच्या टोकाला बसून कासऱ्याला गाठ मारत होता, त्याने ती गाठ सोडली आणि पुन्हा मारायला घेतली. त्रिंबक सातवी शिकलेला. रामकिसन आणि तो चौथीपर्यंत एका वर्गात होते, एका बसायच्या पट्टीवर नव्हे. लहानपणी खड्ड्यात खेकडे धरायला मात्र बरोबर जायचे.

रामकिसन त्याच्याजवळ गेला आणि हळू म्हणाला, "तिंबक, नळी लांब हाय. मी इथं ओसरीवरून पंप मारतो. तोटी तू धर. माहा पाय आत येत न्हाई, मंग तर झालं?"

त्रिंबकने आईकडे पाहिलं. आत बाळ रडत होतं, ते सुजलेल्या पापणीचं, किरकिरं रडणं. साखराबाई थोडा वेळ ऐकत राहिली. मग चौकटीवरचे हात तिने खाली घेतले. "देवघर सोडून," ती म्हणाली.

प्रभावती बाळ घेऊन, डोक्यावरून घोंगडं पांघरून परसात बसली. त्रिंबक आत गेला. बाहेरून रामकिसन पंप मारत ओरडून सांगत होता, वरून खाली ने, भिताडापासून हातभर लांब धर, कोपरा सोडू नको. दोघांचे आवाज एका लयीत येऊ लागले. अंधाऱ्या खोलीची भिंत ओली, पांढुरकी झाली. निघताना रामकिसन ओसरीखालून म्हणाला, "काकू, तीन महिने भिताडाला हात लावू नका. सारवू नका, चुना देऊ नका. औषध वरच असतंय, पुसलं की गेलं."

साखराबाई तोवर भांडी आत न्यायला वळली होती. मुकादमाने वहीत घर लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी प्रभावतीने सूप हातात घेतलंच नाही. जमिनीवर डास मरून पडत होते. पुष्पी ते वेचून करवंटीत टाकत होती आणि अकरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करत होती, कारण तिला अकरापर्यंतच यायचं. बाळ उघड्या अंगाने झोपलं. झोपेत त्याचे ओठ दूध प्यायल्यासारखे हलत होते. प्रभावती त्याच्याकडे बघत बसली. चौदा दिवसांत पहिल्यांदा तिला आपलं बाळ नीट बघायला सवड मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सगुणाबाई ताक मागायला आली. ताकाचा गडू हातात घेऊन ती दारात रेंगाळली. बोलता बोलता म्हणाली, आमच्यात तर ओसरीवरूनच लावून दिलं बाई. त्या बादल्यांमधलं पाणी खालच्या वस्तीच्या आडाचं, तुला कुणी सांगितलं न्हाई का? गावच्या विहिरीवर त्यांना कोण भरू देणार. "तुह्या घरात त्यांच्या आडाचं पाणी भिताडाभर झालं की गं, साखरा."

सगुणाबाई ताक घेऊन गेली. रामकिसनचा पाय आत येऊ दिला नाही म्हणून साखराबाईने समाधान मानलं होतं, आणि पाणी मात्र छतापासून जमिनीपर्यंत आत आलं होतं. घंटाभरात तिने टोपलीभर शेण आणलं, पांढरी माती भिजवली, पदर खोचला. त्रिंबकने दारातली ती टोपली पाहिली. त्याने बैल नेहमीपेक्षा लवकर सोडले आणि शेताची वाट धरली.

"आत्याबाई, काय करून राह्यल्या?" प्रभावती भिंतीला धरून उठली.

"सारवते. दोन बोटं थर देते. घर पाक नको का व्हायला?"

"औषध जाईल त्यानं. तीन महिने हात लावू नका म्हणले ना ते."

"औषध काल मारलं, आज मुरलं असंल की आत. पाणी मुरतंय, तेल मुरतंय, मंग औषध कामून न्हाई मुरणार? वरून सारवलं तर औषध बी राहील अन् घर बी चोखट व्हईल."

"मुरत न्हाई ते. वरच राहतंय, त्यांनी सांगितलं..."

"त्यांनी सांगितलं," साखराबाईने तिचेच शब्द उचलले. "आता माह्या घराचं सारवण त्यांनी सांगायचं. तू खाली बैस, ओली बाळंतीण हायेस."

प्रभावतीने पुढे होऊन सासूचं मनगट धरलं. क्षणभरच. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बाजेवर बसली. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की तेव्हा आपण जमिनीवर आडवं पडायला हवं होतं, भिंतीला पाठ लावून उभं राहायला हवं होतं, ओरडायला हवं होतं.

साखराबाईचा हात कसबी. शेणाचा गोळा ती तळव्याने पसरवी, बोटांच्या अर्धचंद्राने वर ओढी, कोपऱ्यात अंगठा फिरवी. तिने कुठेही कसर सोडली नाही. बाजेमागची भिंत, झोळीमागची भिंत, पुष्पी निजते त्या कोपऱ्याची भिंत, छताच्या लाकडापर्यंत हात पुरेना तर पाटावर चढून. नातवंडांचं घर स्वच्छ व्हावं म्हणून त्या बाईने घाम गाळला. असंच त्या आठवड्यात त्या आळीतल्या बाराएक घरांतून सारवण झालं. कुणी पाण्यासाठी, कुणी शेजारणीने केलं म्हणून, कुणी घटस्थापना आलीच आहे म्हणून. एक माणूस सकाळभर पंप मारून औषध लावून गेला आणि बाया दिवसभर राबून ते पुसत राहिल्या. हे मेहनतीने केलेलं नुकसान पाहिलं की कुणावर रागवावं तेच कळत नाही.

पुढच्या दिवेलागणीला प्रभावतीने सूप पुन्हा हातात घेतलं.

दोन आठवड्यांनी पुष्पीला थंडी भरली. भर दुपारी, उन्हात, तिचे दात वाजू लागले. तिच्यावर तीन गोधड्या घातल्या तरी बाज हलत होती. मग ताप चढला, मग घाम येऊन उतरला, आणि दुसऱ्या दिवशी पोर अंगणात करवंट्या मांडून खेळू लागली. साखराबाई म्हणाली, नजर होती, उतरली. मीठ-मोहऱ्या ओवाळून तिने चुलीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा थंडी. पुन्हा एक दिवस बरा. हा ताप असाच फसवा असतो. मधला दिवस तो माणसाला परत देतो आणि घरचे म्हणतात, गेला.

प्रभावती नवऱ्याला सांगत राहिली, वडीगोद्रीला डॉक्टरकडे न्या. त्रिंबक म्हणे, उद्या बघू, आज बरी हाय. आबारावांनी देवऋष्याकडून अंगारा आणला. कौसल्या बातमी ऐकून ओसरीखाली येऊन गेली, म्हणाली, ह्यो हिवताप हाय, कडू गोळ्या लागतात, थांबू नका. तिला साखराबाईने बघते म्हणून सांगितलं.

सातव्या दिवशी थंडी वाजलीच नाही. सरळ ताप चढला आणि पुष्पीचे डोळे वर गेले. हातपाय झटके देऊ लागले. तेव्हा मात्र त्रिंबकने बैलगाडी जुंपली, वडीगोद्रीच्या सडकेवर एक ट्रक थांबवला आणि पोरीला छातीशी धरून अंबड गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं, सुई दिली. ताप डोक्यात गेलाय म्हणाले. चार दिवस आधी आणायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "घर फवारलं नव्हतं का?"

"फवारलं व्हतं," त्रिंबक म्हणाला.

"मग असं होऊ नये," डॉक्टर म्हणाले.

टोपलीतलं शेण, आपण लवकर सोडलेले बैल, सगळं त्रिंबकच्या जिभेवर येऊन थांबलं. पुष्पी संध्याकाळच्या आत गेली. तिचं ओझं जाताना होतं तेवढंच येतानाही होतं, तो ते तसंच छातीशी धरून आला.

लहान लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या काठाला पुरलं, वर दगड रचले. साखराबाईने पोरीचं परकर-पोलकं कुशीत घेऊन जो आक्रोश केला, त्याने दगडालाही पाझर फुटला असता. तिचं दुःख खोटं नव्हतं. तिने नशिबाला शिव्या दिल्या, नजर लावणारीला दिल्या, स्वतःच्या हातांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आणि तिला ते दाखवायचं धाडस घरातल्या कुणात नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी प्रभावती बाळाला पाजत होती. बाजेशेजारी, हातभरावर, सारवलेल्या भिंतीवर एक डास बसला होता. पोट लाल, टम्म. उडण्याइतकाही हलका नव्हता तो, निवांत होता. प्रभावतीने बाळाकडे पाहिलं. त्याच्या पोटरीवर ताजा टिपका होता.

तिने डास मारला नाही. ती उठली, बाळाला गुंडाळलं, घोंगडं घेतलं आणि माजघर, ओसरी, अंगण ओलांडून निघाली. सव्वा महिना व्हायला दोन दिवस होते. पारावर बसलेली माणसं बघत राहिली. ती माहेरच्या चढणीच्या वाटेला न जाता खालच्या वस्तीच्या उताराला लागली, तेव्हा कुणीतरी त्रिंबकला सांगायला रानात धावलं.

खालच्या वस्तीत फवारणी झाली होती तेव्हा कौसल्येने भिंतीवरच्या तसबिरी उतरवून मागची जागासुद्धा मारून घेतली होती. त्या सतरा घरांत एकालाही ताप नव्हता. प्रभावती तिच्या दारात उभी राहिली.

"कौसल्यामावशी, लेकराला इथं निजवायचं हाय."

कौसल्या तांदूळ निवडत होती. ती उठली नाही. "माघारी जा, माय," ती म्हणाली. "तुह्यावर राग न्हाई माहा. पण तू इथं ऱ्हायलीस तर गाव तुला काही करणार न्हाई, आमाला करील. घरं गवताची हायेत आमची."

प्रभावतीला हे सुचलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की एक ओढ्याकाठी ठेवलं, हे दुसरं कुठं घेऊन जाऊ, तेवढं सांग.

कौसल्येने सूप खाली ठेवलं. तिने बाळाकडे पाहिलं. तिनेच त्याला पहिल्यांदा उलटं धरून पाठीत थापटलं होतं. मग ती म्हणाली, "ये. पर लपून न्हाई ऱ्हायचं. दार उघडं ठिवायचं. जो कोणी येईल त्याला तू सोता सांगायचं, कामून आली ते. माह्या तोंडून न्हाई."

दुपारी ते आलेच. पुढे आबाराव, मागे साखराबाई, सगळ्यांत मागे त्रिंबक, आणि वस्तीच्या कडेला दहा-पंधरा बघे. आबाराव लिंबाखाली थांबले. "सूनबाई, घरी चल. झालं तेवढं हसू पुरे झालं."

"येते," प्रभावती दारातून म्हणाली. "रामकिसनभाऊ आत येऊन, सोताच्या हातानं सगळं घर फवारतील अन् त्याच्यावर तीन महिने कोणी हात फिरवणार न्हाई, त्या दिवशी येते."

"कौसल्ये, हे बराबर न्हाई केलंस तू," आबाराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला, आणि खाली आल्यामुळेच वस्तीतल्या बाया आपापली लेकरं आत घेऊ लागल्या.

"म्या काय केलं, दादा? दार उघडं हाय. तुमची सून हाय, घेऊन जावा. म्या धरून न्हाई ठिवली."

दार खरोखरच उघडं होतं. पण ते ओलांडून आत यायला त्या दहा-पंधरा जणांतला एकही पुढे होईना. साखराबाई चार पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. तिचे डोळे रडून सुजले होते. तिने दोन्ही हात पुढे केले. "लेकरू तरी दे माह्याकडं. त्याचं न्हाणं चुकलं आज."

"पाणी तापलंय, आत्याबाई. आत या, अन् न्हाऊ घाला."

साखराबाईचे हात तसेच राहिले. नातवाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाय पसरून बसायचं, त्याला पोटऱ्यांवर घ्यायचं, टाळूवर तेल थापायचं. तिच्या जिवाला तेवढंच हवं होतं, आणि ते पाच पावलांवर होतं. ती पाय उचलेना. थोड्या वेळाने ती तिथेच मातीत बसली. दिवस कलला तेव्हा आबारावांनी तिला हाताला धरून उठवलं आणि नेलं.

दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानात खालच्या वस्तीतल्या बायांना मीठ मिळालं नाही. मळणीच्या कामावर त्यांना बोलावणं आलं नाही. प्रभावती म्हणाली, मी जाते. कौसल्या म्हणाली, आता गेलीस तर मीठ मिळंल, पर पोरगी गेली ती कशानं गेली ते कोणीच बोलायचं न्हाई. बैस.

चौथ्या दिवशी त्रिंबकने बैल सोडले नाहीत. वहीचा कागद फाडून तो ओसरीवर लिहायला बसला. साखराबाई आतून विचारत राहिली, काय लिहून राह्यलास, कोणाला लिहून राह्यलास. तो लिहीत राहिला. लिहून झाल्यावर मात्र त्याने कागद आईवडिलांसमोर धरून मोठ्याने वाचला, घडी घातली आणि अंबडची वाट पायीच धरली. त्याला कुणी अडवलं नाही. कागदात लिहिलं होतं:

"फवारणीचे साहेब यांस. आपल्या वहीत लेंडीवाडी येथील आमचे घर फवारलेले आहे. ते खरे नाही. देवघर सोडून फवारले होते, ते मीच हाताने फवारले, कारण फवारणीवाल्यास आम्ही आत येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते शेणाने पुसले. पाणी बौद्ध वस्तीच्या आडाचे होते म्हणून पुसले. दुसरे काहीही कारण नव्हते. पुसताना मी पाहिले व बोललो नाही. आमच्या आळीत आणखी बारा घरे अशीच पुसली आहेत, त्यांची नावे मागे लिहिली आहेत. दवाखान्यात मला विचारले तेव्हा मी घर फवारले होते एवढेच सांगितले, म्हणून आता लिहीत आहे. माझी मुलगी पुष्पा, वय वर्षे चार, या तापाने वारली. मुलगा सव्वा महिन्याचा आहे व तो घरी नाही. तरी सर्व घरे पुन्हा फवारावीत. आमच्या घरी रामकिसन भिवा यांसच पाठवावे. दार मी उघडीन व ते आत येतील."